बाथरूम पॉडची ओल परत परत येतेय? टाईल फोडायच्या आधी हे बघा

फोनवर कोणी "खालच्यांच्या छताला ओल आलीय" एवढं म्हणालं की पुढचं वाक्य मला पाठ झालंय. "दोनदा टाईल फोडून वॉटरप्रूफिंग केलं तरी परत आली." येणारच ना. टाईलमधून गळतच नव्हतं तर टाईल फोडून काय होणार.

मी प्लंबिंगची कामं घेतो, आधी एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतो, आता आपली छोटी टीम आहे, चार पोरं आणि एक टेम्पो. पुण्यात हिंजवडी, पुनावळे, रावेत, खराडी असा सगळा पट्टा फिरणं असतं. यातल्या काही टॉवरमध्ये बाथरूम जागेवर बांधलेलं नसतं, कारखान्यात अख्खी खोली तयार होऊन येते, टाईल, कमोड, नळ, लाईट, आरसा सगळं लावून, आणि क्रेनने उचलून मजल्यावर सरकवतात. त्याला पॉड म्हणतात. तसंच डक्टमधले, म्हणजे पाईपांसाठी इमारतीत ठेवलेल्या उभ्या पोकळीतले, पाईपसुद्धा एका लोखंडी फ्रेममध्ये आधीच बसवून येतात, दोन-दोन तीन-तीन मजल्यांचा एकेक तुकडा, त्याला मॉड्यूल म्हणतात. ज्यांच्या घरात पॉड आहे त्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं, भिंतीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो तेव्हा घाबरून फोन करतात. तर पहिली गोष्ट, पॉडची भिंत पोकळ वाजणं हा दोष नाही. आत स्टीलची फ्रेम आणि बोर्ड असतो, विटा नसतात, ती पोकळच वाजणार.

ही कल्पना काही कालची नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी हॉटेल न्यू ओतानी घाईत उभं करायचं होतं, तेव्हा तिथली बाथरूम कारखान्यात बनवून आणली होती. जपानमध्ये घराघरात असं बाथरूम असतं आणि त्याच्या छताला तपासणीचं झाकण असतं. आपल्याकडेही देतात झाकण, पण आपण त्याच्यासमोर कपाट ठोकतो. त्यावर पुढे बोलूच.

आता मुद्दा. पॉडच्या आतलं काम सहसा बरं असतं कारण ते कारखान्यात, टेबलाच्या उंचीवर, उजेडात झालेलं असतं आणि टेस्ट होऊन आलेलं असतं. डक्टमधलं मॉड्यूल पण तसंच. या दोघांना जोडणारा मधला जो फूटभर तुकडा असतो ना, तो मात्र साइटवर संध्याकाळी सहा वाजता, मोबाईलच्या टॉर्चवर, खांदा आत घालून एका हाताने जोडलेला असतो. मी बघितलेल्या बहुतेक गळत्या तिथल्याच. आणि गंमत अशी की पॉड स्लॅबच्या खोलगट भागात बसवलेला असतो, म्हणजे त्याच्याखाली थोडी मोकळी जागा राहते, तर डक्टच्या बाजूला गळलेलं पाणी त्या पोकळीत पसरतं, स्लॅबचा उतार असेल तिकडे जातं आणि जिथे वाट मिळेल तिथून खाली उतरतं. गळतं एका कोपऱ्यात, दिसतं दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणून जिथे ओल दिसते त्याच्या बरोबर वरची टाईल फोडणारा माणूस दर वेळी हरतो.

लक्षणं कशी दिसतात

खालच्या फ्लॅटच्या छताला, बहुतेक वेळा डक्टच्या बाजूला किंवा बीमच्या कडेने, पिवळसर-तपकिरी कडा असलेला डाग. तो वाळतो, परत ओला होतो, म्हणून एकात एक अशी वर्तुळं दिसतात.

तुमच्याच बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत, खाली स्कर्टिंगपाशी, पोपडे धरते. कपाट असेल तर त्याच्या मागच्या प्लायला बुरशी आणि कपड्यांना कुबट वास. हे लक्षण लोक पावसाळ्यावर ढकलतात आणि एक वर्ष घालवतात.

बाथरूमच्या चौकटीचा तळ फुगतो, किंवा दाराबाहेरच्या पॅसेजच्या टाईलच्या सांध्यातून पाणी डोकावतं.

वास. हा वेगळाच विषय आहे पण लोक गळतीबरोबर तो पण सांगतात म्हणून इथे घेतला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण डागात नाही, वेळेत असतं. कधी ठिबकतं हे कळलं की अर्धं काम झालं.

दोन दिवस वही ठेवा, यात एक पैसा जात नाही

खालच्यांना सांगा की ठिबकतं तिथे बादली ठेवा आणि कधी ठिबकलं ते लिहा. वरच्यांनी लिहायचं की आंघोळ कधी, फ्लश कधी, कपड्यांचं मशीन कधी लावलं. भांडण असेल तर व्हॉट्सॲपवर लिहा, पण लिहा. पुनावळ्याला एका ठिकाणी वरच्या काकू आणि खालचे काका सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, दोन्ही बाजूंनी एकेकदा फोडाफोडी झालेली, मी गेलो तर काकू म्हणाल्या, "अहो, आम्ही तर आठ दिवस गावाला गेलो होतो, तेव्हा पण ह्यांच्याकडे गळतच होतं म्हणे, मग आमचं कसं असेल?" तेवढ्या एका वाक्यात मला कळलं की नळाच्या लाईनचं आहे, सांडपाण्याचं नाही. कारण घरात कोणी नसताना सांडपाणी येणार कुठून, पण नळाची लाईन तर चोवीस तास दाबाखाली असते.

असं वाचायचं: दिवसरात्र सारखंच ठिबकतंय म्हणजे प्रेशरची लाईन, गार किंवा गरम. आंघोळीनंतर अर्ध्या तासात वाढतं म्हणजे नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग), ट्रे (पॉडचा तळ) किंवा कडेचं सिलिकॉन. फ्लश केल्यावर लगेच म्हणजे कमोडचा सांधा. तुम्ही काहीच वापरत नाही पण सकाळी सात ते नऊ गळतं, म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी उतरतं त्या उभ्या पाईपचा सांधा. आणि फक्त जोराच्या पावसात गळतं तर पॉडला शिव्या देऊ नका, डक्टचं वरचं तोंड, खिडकी नाहीतर बाहेरची भिंत बघा.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा: नवीन काय लावलं?

टॉवेल रॉड, आरशाचं कपाट, शॅम्पूचा स्टँड, गीझर बदलला, जेट स्प्रे बदलला. पॉडच्या भिंतीत पाईप बोर्डाच्या अगदी मागे क्लिप केलेले असतात, विटेच्या भिंतीत निदान गिलाव्याची जाडी तरी असते, इथे टाईल, बोर्ड आणि पाईप. ड्रिल दोन बोटं जास्त गेलं की झालं. आणि लगेच फवारा उडेलच असं नाही, बरेचदा स्क्रूच ते भोक बुजवून ठेवतो, मग स्क्रू गंजला की सहा-आठ महिन्यांनी हळूहळू पाझरायला लागतं, तोपर्यंत टॉवेल रॉड लावल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. मी आता घरात शिरल्यावर आधी भिंतीवरचे स्क्रू मोजतो. कारखान्यातून आलेले कुठले आणि नंतर मारलेले कुठले ते रंगावरून आणि रेषेवरून कळतं.

दाराचा उंबरा आणि कडेचं सिलिकॉन

बाथरूमचा उंबरा हा पॉडचा आणि बाहेरच्या फरशीचा सांधा आहे. दोन वेगळ्या वस्तू, वेगळ्या हलतात, मध्ये नुसती सिलिकॉनची रेघ. ती सुटली की आंघोळीनंतर वायपरने दारापर्यंत ढकललेलं पाणी तिथून पॉडच्या खाली जातं. बाथरूम आतून कोरडं ठेवून फक्त उंबऱ्यावर एक मग पाणी हळूहळू ओता, तासाभराने परत एक, आणि खालच्यांना लक्ष ठेवायला सांगा. पाणी मुरताना डोळ्यांनी दिसतं बरेचदा.

आतल्या कोपऱ्यात, ट्रे आणि भिंत जिथे भेटतात तिथे, सिलिकॉन काळं पडलेलं किंवा नखाने उचलतंय का ते बघा. उचलत असेल तर पूर्ण काढून, जागा पुसून, एक दिवस वाळवून मग नवीन भरा. जुन्यावर नवीन थर मारू नका, तो चिकटत नाही, महिन्याभरात दोन्ही थर एकत्र सुटून हातात येतात. हे काम घरचा माणूस करू शकतो, एक ट्यूब आणि एक गन लागते.

नहाणी ट्रॅप

जाळी काढा, केस काढा, आत हात घालून स्वच्छ करा. घाण वाटते पण करा. ट्रॅप तुंबला की पाणी ट्रॅपच्या कॉलरच्या वर चढतं आणि कॉलर आणि ट्रे यांच्या मधल्या सांध्यावर येतं, तो सांधा सतत पाण्यात राहायला बनवलेलाच नसतो. म्हणजे गळतीचं कारण नुसते केस असू शकतात. हसू नका, झालंय असं.

वासाचं पण इथेच उरकतो. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही, एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन असलं की ते पाणी उडून जातं. एक बादली पाणी ओता, वास गेला तर प्रश्न मिटला. पाणी ओतूनही दोन दिवसांत वास परत येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय, म्हणजे व्हेंटचा, पाईपमध्ये हवा येण्याच्या वाटेचा प्रॉब्लेम, तो डक्टमधला विषय आहे आणि सोसायटीचा.

व्हॉल्व्ह बंद करून रात्र काढा

ही सगळ्यात चांगली टेस्ट आहे आणि फुकट आहे, तरी कोणी करत नाही. पॉडला गार आणि गरम असे दोन व्हॉल्व्ह असतात, डक्टच्या झाकणामागे किंवा बाथरूमच्या फॉल्स सिलिंगच्या वर. दोन्ही बंद करा. मग नळ उघडून बघा की पाणी खरंच बंद झालंय का, कारण टँकरच्या नाहीतर बोअरच्या जड पाण्याने व्हॉल्व्हमध्ये क्षार बसतात आणि मूठ फिरते पण पाणी थांबत नाही, मग तुमची टेस्टच खोटी पडते. खडकवासला धरणाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी, वर्षभर टँकरवर असलेल्या सोसायट्यांत फार.

रात्रभर बंद ठेवून सकाळपर्यंत ठिबकणं स्पष्ट कमी झालं तर गळती प्रेशरच्या लाईनला आहे. मग दुसऱ्या रात्री फक्त गारचा उघडा, तिसऱ्या रात्री फक्त गरमचा. पण गारचा बंद असताना गीझर चालू करू नका, तो स्विच बंदच ठेवा. गरमच्या लाईनचंच निघण्याची शक्यता जास्त असते आणि त्याचं कारण सोपं आहे. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाईप, गरम पाण्याने वाढतो, २५ अंशांचा पाईप ६० अंशांना गेला तर ३ मीटरला साधारण ६ ते ७ मिलिमीटर. रोज सकाळी वाढायचं, दुपारी आकसायचं. पाईपला हलायला जागा ठेवली असेल, क्लॅम्प थोडे सैल असतील तर काही होत नाही. साइटवर कोणीतरी सगळे क्लॅम्प आवळून टाकले असतील तर ती सगळी ओढाताण त्या मधल्या फूटभर तुकड्यावर येते. म्हणून पझेशनच्या वेळी सगळं कोरडं असतं आणि वर्ष-दीड वर्षाने गळायला लागतं, आणि बिल्डरचा माणूस म्हणतो की तुमच्या वापराने झालं.

ठिबकण्यात काहीच फरक पडला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका, पॉडखालच्या पोकळीत साठलेलं पाणी एका रात्रीत संपत नाही. दोन-तीन दिवस बाथरूमच बंद ठेवता आलं तर सगळ्यात बरं, दुसरं बाथरूम असतंच की.

फॉल्स सिलिंगच्या वर डोकवा, पण आधी एमसीबी पाडा

पॉडच्या छतावर लाईटची, एक्झॉस्टची, गीझरची वायर असते आणि तिथेच पाईप पण असतात. त्या बाथरूमचा एमसीबी, म्हणजे घरातल्या विजेच्या बोर्डातला स्विच, पाडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं, कनेक्शन पाईपच्या नटातला वॉशर कडक होणं, हे पाच-दहा रुपयांच्या वॉशरचं काम असतं आणि पाणी मात्र पॉडच्या छतावरून मागच्या बाजूने उतरून बेडरूमची भिंत भिजवतं. कनेक्शन पाईपच्या दोन्ही टोकांना कोरडा टिश्यू गुंडाळून दहा मिनिटं थांबा. हाताला जे लागत नाही ते टिश्यूवर दिसतं.

रंग टाकून बघा

सांडपाण्याचा संशय असेल तर किराणा दुकानात मिळणारा खायचा रंग घ्या, जिलेबीत घालतात तो. फ्लशच्या टाकीत एक रंग, फ्लश करा, आणि खाली बादलीत बघत बसा, दोन-चार तास. काही आलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा रंग नहाणीत. एकाच दिवशी दोन्ही टाकलं की काय कुठून आलं ते कळत नाही. होळीचा रंग वापरू नका, ग्राउटवर डाग बसतो तो जात नाही, एका ताईंनी वापरला होता, गळती सापडली पण बाथरूम वर्षभर गुलाबी होतं.

फ्लशचा रंग खाली आला तर भिंतीत टांगलेल्या कमोडमागचा रबरी सांधा बघायचा. कमोड काढून रबर बदलायचं काम चांगल्या प्लंबरचं आहे, घरी करू नका, कारण त्या कमोडचा भार पॉडच्या स्टील फ्रेमवर दोन बोल्टवर असतो आणि परत लावताना वाकडा बसला की रबर लगेच फाटतं.

पाणी उभं करून ठेवणं

रंगाने काही कळलं नाही तर ट्रेची परीक्षा. नहाणीचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बुजवा, ट्रेमध्ये साधारण २५ मिलिमीटर पाणी भरा, उंबऱ्याच्या पातळीच्या खालीच, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा, २४ तास थांबा. उंबरा बुटका असेल तर कमी भरा. पातळी दिसण्याइतकी उतरली आणि खाली ठिबकणं वाढलं तर ट्रे किंवा ट्रॅपची कॉलर. पातळी तशीच राहिली तर ट्रे उत्तम आहे आणि टाईल फोडायला आलेल्या माणसाला चहा देऊन परत पाठवा. फडकं आत सुटून पाईपमध्ये गेलं तर नवीनच प्रकरण होतं म्हणून त्याचं एक टोक बाहेर ठेवा.

ही टेस्ट मी व्हॉल्व्हच्या नंतर सांगतोय कारण यात खालच्यांच्या घरात जास्त पाणी जाऊ शकतं. आधी त्यांना सांगून करा.

डक्टचं झाकण

आता खरी जागा. बऱ्याच घरांत हे झाकण पॅसेजमध्ये किंवा ड्राय बाल्कनीत असतं, आणि बऱ्याच घरांत इंटिरियरवाल्याने त्यावर लॅमिनेटचं पॅनल मारलेलं असतं "लुक" साठी. ते काढावं लागेल. मी एका ठिकाणी शू-रॅकच्या मागची प्लाय कापून झाकण शोधलंय, मालक माझ्याकडे बघत होते जसा काही मीच ते तिथे लपवलं होतं.

झाकण उघडून फक्त बघायचं. डोकं, हात आणि मोबाईल आत, बाकी शरीर बाहेर. फोटो काढा, फ्लॅश मारून, वरून खालून सगळीकडून. काय बघायचं:

पांढरी खरबरीत रेघ. जड पाणी थेंबाथेंबाने गळून वाळलं की क्षारांचा पांढरा थर मागे राहतो, त्याच्या वरच्या टोकाला तुमची गळती. आत्ता कोरडं दिसलं तरी ही रेघ खोटं बोलत नाही.

पितळी आट्यांना प्लास्टिकचा आटा जिथे जोडलाय ती जागा. जास्त आवळला की प्लास्टिकच्या सॉकेटला केसासारखी भेग जाते. इथे पितळी इन्सर्टवालं फिटिंग लागतं, नुसतं प्लास्टिकचं नाही.

सॉल्व्हेंटचा, म्हणजे सोल्युशन लावून चिकटवलेला सांधा. सीपीव्हीसीला पीव्हीसीचं सोल्युशन लावलेलं मी स्वतः पकडलंय, डबा संपला म्हणून हाताला लागेल तो घेतला. बाहेरून नेहमी कळत नाही, पण ओघळ वेगळ्याच रंगाचा असेल तर शंका घ्या.

११० आणि ७५ मिलिमीटरच्या सांडपाण्याच्या पाईपांना रबर रिंगचे सांधे असतात. त्यात पाईप पूर्ण आत ढकलून मग साधारण १० मिलिमीटर मागे घ्यायचा असतो, वाढायला जागा म्हणून. पोरं पूर्ण ठोकून बसवतात, रिंग दुमडते, आणि दुमडलेली रिंग सुरुवातीला धरते, नंतर सोडते.

आणि पॉड सरळ आलाय का. पॉडचं तोंड आणि मॉड्यूलचं तोंड दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे असलं तर एल्बो लावून नीट जोडायला वेळ लागतो, म्हणून पाईप ओढून-वाकवून घुसवतात. वाकवलेला पाईप कायम सरळ व्हायला बघतो. त्यात पॉड आलेला असतो ट्रेलरवरून, चाकण-शिक्रापूर रस्त्याने, कारखान्यातली टेस्ट त्या खड्ड्यांच्या आधीची असते. म्हणून पॉड जागेवर बसल्यावर परत प्रेशर टेस्ट करायची असते, नेहमीच्या दाबाच्या दीडपट. बिल्डरकडे त्याचा रिपोर्ट मागा. मिळाला तर नशीब.

खालच्या मजल्यांवर राहता? प्रेशर मोजा

टाकी टेरेसवर असली की दर १० मीटर खाली साधारण १ बार दाब वाढतो. २२ मजल्यांची इमारत म्हणजे ६५-७० मीटर, तर तळाशी साडेसहा बारच्या वर. म्हणून मध्ये पीआरव्ही बसवतात, दाब कमी करायला. तो बिघडला, किंवा त्याची जाळी साफ करताना कोणी बायपास उघडून तसाच ठेवला, तर खालच्या सगळ्या पॉडच्या सांध्यांवर तो दाब येतो, रात्री सगळे नळ बंद असताना सगळ्यात जास्त. हार्डवेअरच्या दुकानातून प्रेशर गेज आणा, मशीनच्या नळाला लावा, रात्री अकरानंतर बघा. ५ बारच्या वर काटा असेल तर सांधा दुरुस्त करून उपयोग नाही, हा सुटला की दुसरा सुटेल, आधी कमिटीला पीआरव्ही बघायला लावा. एकाच लाईनमधल्या तीन-चार फ्लॅटना एकाच महिन्यात गळती सुरू झाली तर मी पॉड बघतच नाही, सरळ पीआरव्हीकडे जातो.

इथे हात थांबवा

लाईटच्या पॉइंटमधून, स्विचबोर्डातून पाणी येतंय किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात, तर एमसीबी पाडा, आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर परत परत चढवू नका, आणि प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

डक्टमध्ये उतरायचं नाही. तुम्ही नाही आणि "दोन मिनिटांत बघून येतो" म्हणणारा पोरगा पण नाही. पाईपच्या क्लॅम्पवर पाय देतात, क्लॅम्प पाईपसाठी असतो, माणसासाठी नाही. हार्नेस, दोरी आणि वर एक माणूस असलेली टीमच उतरवायची.

स्लॅबमधून पाईप जातो तिथे भोवती जो मसाला किंवा पट्टा असतो तो आगीचा सील आहे. आग लागली की तो फुगून भोक बंद करतो, धूर वर जाऊ नये म्हणून. तो खरवडून सांध्यापर्यंत पोचायचं आणि मग सिमेंट थापून निघून जायचं, हे चालणार नाही. काढला तर तोच सील परत बसवणाऱ्यालाच काम द्या.

पॉडचा तळ किंवा भिंत कापायची नाही. तळातली फ्रेम आणि ट्रे हे एकच अंग आहे, एकदा कापलं की कारखान्याचा माणूस पण हात वर करतो. ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, म्हणजे आपण मिवान म्हणतो त्या इमारतीत तर बाजूची भिंत पण काँक्रीटची असते, तिला झिरी पाडू नका.

खालचं छत फुगून लोंबतंय, स्लॅबची सळई दिसतेय, गंजाचे ओघळ आहेत, तर प्लंबर बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा.

उभ्या पाईपचा सांधा असेल तर तो तुमच्या एकट्याचा नाहीच, वरच्या सगळ्यांचं पाणी बंद करून करावं लागतं, कमिटीला पत्र द्या. आणि पझेशन घेऊन ५ वर्षं झाली नसतील तर स्वतः खर्च करायच्या आधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कळवला तर ३० दिवसांत बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगू नका, ईमेल करा, वहीतल्या नोंदी आणि डक्टचे फोटो जोडा. ज्यांनी आधी टाईल फोडल्या त्यांना "तुम्हीच छेडछाड केली" हे उत्तर मिळतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टाईल न फोडण्याचं हे दुसरं कारण.

दुरुस्तीनंतर

पुनावळ्याच्या त्या काकूंकडे शेवटी काय निघालं, तर डक्टमधल्या गरम लाईनच्या युनियनचा, म्हणजे उघडता येणाऱ्या जोडाचा, रबर वॉशर, दुमडून बसलेला. वॉशर बदलला, वरचे दोन क्लॅम्प सैल केले, एक पक्का ठेवला, पाऊण तासाचं काम. आणि चौथ्या दिवशी खालच्या काकांचा फोन, "अजून गळतंय, तुम्ही पण त्यातलेच."

सांगायला विसरलो होतो, चूक माझी. पॉडखाली साठलेलं पाणी उतरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तेव्हापासून मी काम संपलं की खालच्या घरी जाऊन डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारतो आणि तारीख लिहितो. डक्टचं झाकण आठवडाभर उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावायचा, खाली वारा गेला पाहिजे. रेघेच्या बाहेर डाग सरकला तर मला फोन करा, आत आकसत असेल तर थांबा. पुट्टी आणि रंग त्यानंतर, डाग हाताला पूर्ण कोरडा लागल्यावर, दिवाळी तोंडावर आली असली तरी.